मागचा डावा पाय

फोन आला तेव्हा बबडीच्या केसांत साबण होता.

ठिपकेताईनं कोपरानं स्पीकरचं बटण दाबलं. पलीकडचा आवाज इतका सपाट होता की ती ओढेवाली आहे हे कळायला क्षण गेला.

“ताई, बाई म्हणतायत भुंगेरा जुनाच आहे.”

“कोण बाई?”

“तपासायला आल्यात त्या. आठपासून बघतायत. म्हणतात, ही नवी जात नाहीच, नेहमीची आहे. आणि तुझं चित्र मनानं काढलंय म्हणे.”

“त्या जाणार कधी?”

“दोनची गाडी सांगितलीय.”

दहा वाजून दहा झाले होते. ठिपकेताईनं बबडीच्या डोक्यावर दोन तांबे ओतले, तिला टॉवेलात गुंडाळलं आणि ओल्या केसांनिशी कडेवर घेऊन जिना उतरली. दुधाची बाटली वरच राहिली. परत वर. पुन्हा खाली. बस समोरून गेली.

पुढच्या बसमध्ये बबडी मांडीवर पेंगली, पण तिच्या आईचा पाय काही केल्या स्थिर राहीना. ती कीटक-संग्रहालयात अर्धा दिवस कामाला होती. काळ्या शाईचे बारीक ठिपके एकेक टेकवत किड्यांची चित्रं काढायची, म्हणून तिथं सगळे तिला ठिपकेताई म्हणत. मायक्रोस्कोपचा कॅमेरा तीन महिने दुरुस्तीला गेला होता. त्यामुळे या भुंगेऱ्याचा फोटो नव्हता. जगात त्याचं एकच चित्र होतं आणि ते तिनं काढलेलं होतं.

ओढेवाली तिच्याहून सहा वर्षांनी लहान. चार वर्षं एका ओढ्याच्या गुडघाभर पाण्यात उभी राहून दगड उलटत होती. या भुंगेऱ्यांना धड पोहताही येत नाही. ते वाहत्या पाण्यात दगडाला नखं रोवून बसतात. चार वर्षांत तिला वेगळा वाटावा असा एकच सापडला. मादी, तिळाएवढी. पाठीवर बारीक खड्ड्यांच्या ओळी असतात, त्यातली सहावी ओळ नेहमीच्या जातीत टोकापर्यंत जाते. हिची मध्येच थांबत होती. एवढाच फरक, पण पक्का. बाईंनी होकार दिला तर नवी जात नोंदली जाणार आणि ओढेवालीचं पद टिकणार. नाहीतर महिनाअखेर तिला टेबल रिकामं करावं लागणार होतं.

बस बाजाररस्त्याला लागली. तो ओढा याच रस्त्याखालून जात होता, म्हणजे त्याचा खालचा निम्मा भाग. तीस वर्षांपूर्वी पाइपात घातलेला. वर गाड्या, हातगाड्या, खाली काळोखात पाणी. ठिपकेताईला रोज इथून जाताना उगीच पाय उचलून धरावेसे वाटत.

संग्रहालयात डांबरगोळ्यांचा वास होता. पाहुण्या बाई वहीत लिहीत बसल्या होत्या. सर खिडकीपाशी, पाठीमागे हात बांधून. ते या संग्रहाचे प्रमुख. इथल्या भुंगेऱ्यांवरचं एकमेव पुस्तक त्यांचं.

“या,” सर म्हणाले. “मुलीला ताप वगैरे नाही ना?”

नाही म्हणून तिनं मान हलवली. ‘ताप’ हा शब्द ऐकून तिची नजर आपल्या टेबलाच्या खालच्या खणाकडे गेली आणि लगेच परत आली.

“बघू का एकदा?”

बाईंनी खुर्ची सरकवली. रागानं नाही, थकून.

तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. टाचणीला पुठ्ठ्याचा त्रिकोण, त्याच्या टोकाला डिंकानं चिकटवलेला भुंगेरा. सहावी ओळ सरळ टोकापर्यंत गेली होती. खड्डा, खड्डा, खड्डा, कुठंही न थांबता.

बाईंनी तिला शांतपणे विचारलं, हे चित्र कसं काढलं? तिनं खरं ते सांगितलं. भुंगेरा दोन्ही अंगांनी सारखा असतो, म्हणून सगळे काढतात तसं तिनंही उजवं अंग मोजून काढलं, मग ट्रेसिंग पेपर उलटा करून तेच डावीकडे उतरवलं.

“म्हणजे डावी बाजू तुम्ही पाहिलीच नाहीत?”

“पाहिली होती.”

ती पुन्हा वाकली. उजवीकडचे तीन पाय. डावीकडचे तीन पाय. प्रत्येकाच्या टोकाला पाच पेरांचं पाऊल आणि दोन नखं. सहाच्या सहा शाबूत, अगदी चित्रातल्यासारखे.

तिथंच चुकत होतं. चित्रासारखे होते म्हणूनच. पण ते या खोलीत सांगायची तिची तयारी नव्हती.

“हा तो नाही,” एवढंच ती म्हणाली.

सर वळले. “कशावरून?”

“माझ्या लक्षात आहे तो.”

“चित्र तुमचं, आठवणही तुमचीच,” सर हळुवारपणे म्हणाले. “तरुण मंडळींना नवं काही सापडावंसं वाटतं. त्यात गैर काही नाही. आपण दमवायला नको बाईंना.”

बाई चहाला गेल्या, सर त्यांच्याबरोबर. जाताना बाईंनी बजावलं, की भुंगेऱ्याची पेटी हलवायची नाही, बघायचं ते इथंच.

ओढेवाली कपाटाला टेकून उभी होती. पायात अजून चिखलाचे बूट. ठिपकेताईनं बबडीला खाली सोडलं.

“तू शेवटचा कधी पाहिलास?”

“गेल्या सोमवारी. तोच होता. सहावी ओळ तुटकी होती, शपथ.”

“त्यानंतर पेटी कुणी उघडली?”

“ती माझ्या टेबलावरच असते. कुलूप नाही. कुणीही उघडेल.”

“कुणीही म्हणजे?”

“तू, मी, डिंककाका, सर.” तिनं बोटं मोजली आणि मूठ मिटली. “ताई, मी घरी सांगून टाकलंय गं. आई शेजारणीलासुद्धा सांगून आली.”

डिंककाका आतल्या खोलीत बबडीला रिकाम्या पेट्यांचा मनोरा रचून देत होते. किडे पुठ्ठ्यावर चिकटवण्यात त्यांचा जन्म गेला होता. हल्ली हात थरथरायचे, डिंकाच्या ब्रशाला टेकू द्यावा लागायचा.

“काका, जरा बाहेर येऊन एक टाचणी बघता?”

“चूक माझ्यावर घालणारेत ना?” ते उठता उठता म्हणाले. “सकाळपासून साहेब फार गोड बोलतायत माझ्याशी. डोळे तपासून घ्या म्हणाले.”

त्यांनी दोन चष्मे एकावर एक चढवले आणि पेटीवर वाकले. बबडीनं त्यांच्या विजारीला धरून दोनदा ‘काका’ केलं तरी मान वर केली नाही.

“टाचणी माझ्या हातची नाही ही,” शेवटी ते म्हणाले.

“कशी काय?”

“चिठ्ठ्या बघ. गावाची-तारखेची, नंबराची, लाल. मी प्रत्येक चिठ्ठी पायऱ्यांच्या ठोकळ्यावर धरून टोचतो, म्हणजे तिन्हींत सारखं अंतर. या तीन बघ, वर-खाली, नांगरलेल्या शेतासारख्या.”

“हात थरथरला असेल.”

“हात थरथरतो गं पोरी, ठोकळा नाही थरथरत.” त्यांनी चिमट्यानं लाल चिठ्ठी किंचित उचलली. नव्या जातीचा मूळ नमुना हाच, असं सांगणारी ती चिठ्ठी. “भोकं मोज.”

दोन होती. एक टाचणीचं, एक त्याच्या शेजारी, रिकामं.

“म्हणजे चिठ्ठी एका टाचणीवरून काढून दुसरीवर घातली.”

“तिन्ही चिठ्ठ्या. आणि डिंक बघ. चहासारखा पिवळा पडलाय. हा डिंक मी वीस वर्षं वापरला नाही. हिचा भुंगेरा मी पांढऱ्या डिंकानं लावला होता.”

“मग हा भुंगेरा जुना.”

“भुंगेरा जुना, चिठ्ठ्या नव्या.”

जुने पाणभुंगेरे एकाच ठिकाणी होते. मागच्या खोलीत, चौथं कपाट. चाव्या किती? दोन. एक काकांच्या कमरेला, एक सरांच्या मेजात. काकांनी कुणाला दिली होती? आंघोळीलासुद्धा सोडत नाही, काका म्हणाले, बायको हसते.

बारा वाजून गेले होते. काकांनी खण ओढला. नेहमीच्या जातीची एकच ओळ होती, ओढ्याच्या खालच्या भागातून जमवलेली. एकतीस वर्षांपूर्वीची तारीख, सरांचं अक्षर. नोंदवहीत लिहिलं होतं बारा.

काकांनी बोट न लावता मोजलं. ठिपकेताईनं मोजलं. मग काकांनी उलट बाजूनं मोजलं.

बारा.

“संपलं,” काका खुर्चीत बसले. “इथून एक तिकडे गेला असता तर इथं अकरा राहिले असते.”

तेवढ्यात सर दारात येऊन उभे राहिले. काय शोधताय, त्यांनी विचारलं. काही नाही, ती म्हणाली. सरांनी स्वतः खण आत ढकलला, कुलूप लावलं, चावी काकांना परत दिली. जाता जाता त्यांनी बबडीच्या ओल्या केसांवर हात फिरवला.

ते गेल्यावर आतल्या खोलीत परतून ठिपकेताई येरझारा घालू लागली. चार पावलं तिकडे, चार इकडे. मध्ये बबडी. मनोऱ्यातली एक पेटी बबडीनं ओढून घेतली होती आणि काका बोलता बोलता, न बघताच, तिच्या जागी दुसरी सरकवत होते.

“कशाला काका? तिला मोडायचाच आहे तो.”

“सवय गं. आम्हा लोकांना ओळीत भोक बघवत नाही. आणि आलेला किडा टाकूनही देता येत नाही.”

ती चालता चालता थांबली.

मग ती आपल्या टेबलाशी गेली. खालच्या खणात रंगांच्या बाटल्यांमागे औषधाची एक रिकामी कॅप्सूल होती. रिकामी दिसणारी. तिनं ती मुठीत घेतली. गेल्या वर्षी कामावर घेताना सरांनी सांगितलं होतं, नमुन्याला धक्का लागला तर मला दुसऱ्या चित्रकाराकडे जावं लागेल, राग मानू नका. तिनं राग मानला नव्हता. घरातून बाहेर पडायचे तिचे तेवढेच चार तास होते.

पावणेदोनला बाई आपली बॅग बंद करत होत्या.

“बाई, दहा मिनिटं द्या. सर, तुम्हीही थांबा.” बबडी कडेवर होती, तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. “खरा भुंगेरा माझ्या हातून मोडला होता.”

ओढेवालीनं मान वर केली.

“तीन आठवड्यांपूर्वी. उजवं अंग काढून झालं होतं. डावं फक्त ताडून बघत होते, सुई हातात होती. पाळणाघरातून फोन आला, हिला ताप चढला म्हणून. हात हलला. मागच्या डाव्या पायाचं पाऊल तुटून कागदावर पडलं. धुळीच्या कणाएवढं. मी ते यात ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. चित्रात ते दिसत नाही, कारण चित्राची डावी बाजू उजवीचीच उलटी आहे.” तिनं कॅप्सूल टेबलावर ठेवली. “खऱ्या भुंगेऱ्याला पाच पावलं आहेत. याला सहा.”

“तीन आठवडे,” ओढेवाली म्हणाली. “ताई, तीन आठवडे तू माझ्यासमोर डबा खाल्लास.”

ठिपकेताईनं बबडीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

बाई बॅग सोडून खुर्चीत बसल्या होत्या. “पुढे.”

“हा भुंगेरा निवडणाऱ्यानं चित्र समोर ठेवून निवडला. जुन्या ओळीतला सगळ्यात धड, सहाही पाय असलेला, म्हणजे कुणाला शंका येऊ नये. काकांनी हे केलं नाही. त्यांनी केलं असतं तर चिठ्ठ्या ठोकळ्यावर टोचल्या असत्या आणि डिंक पिवळा की पांढरा हे तर त्यांना झोपेतही दिसलं असतं. ओढेवालीनं नाही, बुडणार तीच आहे. मीही नाही. तो मोडका भुंगेरा नाहीसा झाला असता तर सर्वांत सुखी मीच झाले असते, आणि तरी मी इथं उभी आहे. शिवाय जुन्या कपाटाच्या चाव्या दोनच.”

“काका बाराच्या बारा मोजून आलेत,” सर म्हणाले. ते तिच्याकडे नव्हे, खिडकीबाहेर बघत होते.

“हो. त्यामुळेच मला कळलं. चोरानं नेला असता तर अकरा राहिले असते. फेकून देणाऱ्यानं नेला असता तरी अकरा. पण ज्यानं आयुष्य या खणांत घालवलं त्याला किडा फेकवत नाही आणि ओळीत भोकही ठेववत नाही. त्यानं अदलाबदल केली. खरा भुंगेरा तिथंच आहे, सर. त्या बारांतल्याच कुणाच्यातरी जागी, तुमच्या हातच्या जुन्या चिठ्ठ्या लावून.”

काका न सांगता उठले. कमरेची चावी वाजली. खण टेबलावर आला तेव्हा दोन वाजले होते आणि खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. बाईंनी खिडकीतून हात दाखवला, थांब.

त्यांनी एकेक टाचणी भिंगाखाली धरली. पहिली. दुसरी. तिसरी. चौथीला त्यांचा हात थबकला.

“डिंक पांढरा. चिठ्ठ्यांना दोन-दोन भोकं. सहावी ओळ मध्येच थांबते.” त्यांनी टाचणी फिरवली. “मागचं डावं पाऊल नाही.”

कॅप्सूल काकांनी उघडली. थरथरत्या हाताला दुसऱ्या हाताचा टेकू देऊन त्यांनी तो कण भिंगाखाली आणला. तुटलेल्या कडेला तुटलेली कड बसली.

ओढेवाली फरशीवर बसली. बूट, चिखल, सगळ्यासकट. बबडी आईच्या कडेवरून उतरून तिच्या शेजारी जाऊन बसली.

बाई मात्र थांबल्या नव्हत्या. सवयीनं त्यांनी पाचवी उचलली, सहावी, सातवी.

“नववा,” सर म्हणाले. “नववा बघा. मला माहीत आहे.”

नवव्याचा डिंक पिवळा होता. चिठ्ठ्यांना एकेकच भोक, एकतीस वर्षांपूर्वीचं. आणि सहावी ओळ मध्येच थांबत होती.

खाली पुन्हा हॉर्न वाजला.

“ओढा पाइपात घालायच्या आधी मलाच विचारलं होतं, त्यात जपण्यासारखं काही आहे का,” सर म्हणाले. “मी दोन दिवसांत बारा भुंगेरे जमवले, वरवर पाहिले आणि लिहून दिलं, एकच जात, सगळीकडे मिळणारी. पुस्तकातही तेच घातलं. गेल्या आठवड्यात या मुलीचा मजकूर वाचला आणि जुना खण उघडला. हा माझ्या हातात होता. जिवंत होता तेव्हा माझ्या हातात होता. मी सही केली आणि त्यांनी ओढा बुजवला.” त्यांनी खिशातून दुसरी चावी काढून टेबलावर ठेवली. “तिचा भुंगेरा जुना ठरला असता, तर मीही तेव्हा बरोबर ठरलो असतो. एवढंच. दोष काकांवर येईल असं मला वाटलं होतं, आणि मी ते येऊ देणार होतो.”

काका खणाकडे बघत राहिले. त्या दिवसानंतर त्यांनी सरांना साहेब म्हणणं सोडलं.

“नष्ट का नाही केलात?” बाईंनी विचारलं.

“ठिपकेताईंनी सांगितलं ना.” मग सर पहिल्यांदा तिच्याकडे वळले. “हलवताना मला दिसलं होतं, एक पाऊल नाही. मला वाटलं माझ्याच हातून तुटलं. तासभर गुडघ्यांवर बसून फरशी शोधत होतो.”

तीन आठवडे ठिपकेताई ज्या ओझ्याखाली होती, त्याच ओझ्याखाली हा माणूस फरशीवर रांगला होता.

बाईंनी वहीतलं सकाळचं पान फाडलं नाही, त्यावर एक रेघ ओढली. खाली नवं लिहिलं. जात नवी, नमुने दोन, एक वरच्या ओढ्यातला, एक बुजवलेल्या भागातला. अदलाबदल कुणी केली तेही लिहिलं आणि सरांना वाचायला दिलं. सरांनी वाचून सही केली. या वेळी त्यांनी वेळ घेतला. खालच्या भागाचं आता काही होणार नव्हतं, पण वरच्या ओढ्याला हात लावण्यापूर्वी हे पान कुणालातरी वाचावं लागणार होतं.

ओढेवाली आठ दिवस ठिपकेताईशी बोलली नाही. नवव्या दिवशी डबा घेऊन तिच्या टेबलाशी आली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, “चित्र बदलायचंय.”

“कसं?”

“आहे तसं.”

म्हणून ठिपकेताईनं नवा कागद घेतला. या खेपेला ट्रेसिंग पेपर उलटा केला नाही. उजवं अंग उजवं म्हणून काढलं आणि डावं डावं म्हणून, ठिपक्याला ठिपका. मागच्या डाव्या पायाशी आल्यावर तिनं पेन उचललं आणि पुढची जागा पांढरी सोडली.

पाळणाघराला त्या दिवशी सुट्टी होती. बबडी मांडीवर उभी राहून कागदावर बोट ठेवत होती, नेमकं त्या पांढऱ्या जागेवर.

“याचा पाय?”

“आईनं मोडला.”

बबडीनं विचार केला. मग वाकून तिनं त्या जागेवर फुंकर घातली, आपल्या गुडघ्यावर आई घालते तशी. शाई ओलीच होती. शेजारचा एक ठिपका किंचित पसरला.

ठिपकेताईनं तो तसाच राहू दिला.